सरकलेले ठिपके

या, जवळ सरका. मागे भिंतीला टेकलेल्या माउल्याही पुढे या, पंख्याच्या घरघरीत शब्द हरवतात. आज राजाची कथा नाही, राक्षसाचीही नाही. आपल्या इंदूरची गोष्ट आहे, आत्ताची आहे. एका बाईवर आळ आला होता, आणि तो खोटा ठरवायला दुसरी एक बाई दारोदार हिंडली. तिचा माग कुठे जाऊन पोचला ते ऐकाल तर तुमचाही जीव माझ्यासारखाच खालीवर होईल. पण अधेमधे उठून जायचं नाही, एवढं कबूल करा.

१

शैलजाताई मुळे सकाळी कचेरीत पोचल्या तेव्हा धम्मदीना पायरीवर बसलेली होती. शहराबाहेर राऊकडच्या वस्त्यांची ती नर्स. आजोबा महूच्या पलटणीत होते, ताठ बसण्याची सवय तिच्यात तिथून आलेली. आज मात्र पाठ वाकली होती.

"सस्पेंड केलं, मॅडमजी," ती म्हणाली. "सोमवारी चौकशी आहे. म्हणतात माझ्या गोळ्यांनी बाळं बिघडली."

आता शैलजाताईंचं काम काय, ते आधी सांगायला हवं. शहरातल्या आणि आसपासच्या इस्पितळांत जन्मलेलं प्रत्येक बाळ डोक्यापासून टाचेपर्यंत तपासायचं. कुणाचा ओठ दुभंगलेला असतो, कुणाचं पाऊल आत वळलेलं, कुणाच्या पाठीचा कणा उघडा राहिलेला. हजार जन्मांमागे अशी बाळं किती, हे प्रमाण वर्षानुवर्षं धरून ठेवायचं. वाढलं तर का वाढलं, घटलं तर कशानं घटलं, ते शोधायचं. भिंतीवर नकाशा, नकाशावर लाल ठिपके, एकेक ठिपका म्हणजे एकेक बाळ. ठिपका चिकटवताना ताई मनात नामस्मरण करायच्या. ऑफिसात हे कुणाला ठाऊक नव्हतं.

गेल्या दीडेक वर्षात राऊच्या काही गल्ल्यांत हे ठिपके दाटीवाटीनं बसू लागले होते. ताईंचे साहेब, तरुण डॉक्टर यशोधन, यांनी एका बैठकीत तो आलेख दाखवला आणि बातमी वस्तीत फुटली. या सगळ्या घरांत समान काय? नर्सदीदी. ती दारोदार फोलिक ॲसिडच्या गोळ्या वाटते. झालं, बायकांनी गोळ्यांची पाकिटं आरोग्यकेंद्रासमोर आणून ओतली.

"पण या गोळ्या तर कणा नीट जुळावा म्हणूनच देतात," ताई म्हणाल्या.

"ते तुम्हाला माहीत, मला माहीत." धम्मदीनानं वर पाहिलं. "माझी नोकरी जाईल ते जाईल. पण आज राऊत एकही बाई गोळी घ्यायला तयार नाही. पुढच्या साली तुमच्या भिंतीवर जागा पुरेल का, ते बघून ठेवा."

शैलजाताईंनी पर्स खालीही ठेवली नाही. तशाच राऊकडे निघाल्या.

२

तक्रारीवर पहिला अंगठा होता सुलोचनाबाईंचा. त्यांची सून ऋजुता, तिला तीन महिन्यांपूर्वी मुलगी झाली. कणा उघडा होता, ऑपरेशन झालं, जीव वाचला. पाय मात्र हलत नव्हते.

दार एका चिमुरडीनं उघडलं. ऋजुताची थोरली. दार उघडून ती लगेच कोपऱ्यात आपल्या खेळाकडे पळाली. बाहुली आजारी होती, तिच्या उशाशी गोळ्यांच्या चकचकीत पट्ट्या ओळीनं मांडल्या होत्या.

"अगं, ही खेळायची वस्तू नाही," म्हणून ताईंनी पट्ट्या उचलून वर फळीवर ठेवल्या. सगळ्या भरलेल्या, एकही फुगवटा फुटलेला नाही. पण त्यांची नजर तोवर बाळाच्या पावलांकडे गेली होती.

"ऋजुता, दिवस गेल्यावर पहिल्या तीन महिन्यांत ताप वगैरे? काही औषध?"

"काही नाही, ताई."

"वैद्याचं, दुकानातलं, कसलंच?"

"नाही हो," सासूबाईच बोलल्या. "औषध म्हणाल तर त्या नर्सदीदीच्या गोळ्या. रोज घेतल्या, मी स्वतः पाण्याचा पेला हातात द्यायचे. त्याच भोवल्या. आमच्या घराण्यात असं कधी झालेलं नाही."

ऋजुता बाळाची पावलं तळव्यात धरून चोळत होती. ताईंनी तिच्याकडे पाहिलं तशी तिनं मान खाली घातली.

"तुला काही सांगायचंय का गं?"

"तिला काय सांगायचंय," सुलोचनाबाई म्हणाल्या. "चहा घेणार ना?"

ताईंना चहा गोड लागला नाही. पोरगी काहीतरी गिळून बसली होती, आणि ते काय, हे तिच्या सासूला ठाऊक होतं.

३

पुढचं घर अस्मिताचं. तिच्या मुलीचा ओठ आणि टाळू दुभंगलेला. दार उघडलं दोन मुलींनी, एकीनं कडी काढली, दुसरीनं "आई, कोणीतरी मॅडम" असं ओरडून सांगितलं. उत्तरं तीच. औषध काही नाही, गोळ्या घेतल्या. आणखी तीन घरं झाली. सगळीकडे वेण्या घातलेल्या पोरी दारात यायच्या, सगळीकडे बायका एकाच सुरात बोलायच्या, पाठ केल्यासारख्या.

मग ताई पलीकडच्या गल्लीत गेल्या. तिथे पंचशील राहायचे, फौजेतून निवृत्त हवालदार. त्यांची सून संबोधी हिलाही धम्मदीनानंच गोळ्या दिल्या होत्या. बाळ पाळण्यात पाय झाडत होतं, अगदी दणकट.

"गोळ्या घेतल्यास?"

"न घेऊन सांगते कुणाला," संबोधी हसली. "बाबा रोज नाश्त्याला परेड घ्यायचे."

"आ करून दाखवायला लावायचो मी," पंचशील म्हणाले. "मॅडमजी, पाणी त्याच टाकीचं, गोळी त्याच दीदीची. या अख्ख्या गल्लीत एक बच्चा बिघडलेला दाखवा, मी मिशी उतरवतो."

ताईंनी गल्ली पालथी घातली. मिशी शाबूत राहिली.

म्हणजे पाणी नाही आणि गोळीही नाही. पण चौकशी समितीला 'काय नाही' हे सांगून भागणार नव्हतं. शेजारच्याच गल्लीत मग घडतंय तरी काय? ताई रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, रिक्षावाला दोनदा विचारून पुढे गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. तेवढ्यात यशोधनचा फोन आला.

"ताई, जुन्या वर्षांचे ठिपके वर्षवार लावून बघतोय. ही राऊची गाठ आहे ना, ती आधी राऊत नव्हतीच. मतलब, होती. पण दुसरीकडे."

"कुठे?"

"कृष्णपुऱ्याला."

४

यशोधननं वर्षावर वर्ष ठेवून दाखवलं. आधी शहराच्या मध्यात कृष्णपुऱ्याला, होळकरांच्या समाधी-छत्र्यांमागच्या गल्ल्यांत थोडे ठिपके वाढलेले. मग तिथले ओसरत गेलेले, जवळजवळ नेहमीइतके झालेले. आणि त्याच सुमाराला राऊत वाढ सुरू.

"तेव्हा लक्षात नाही आलं?"

"आकडे छोटे होते, ताई. दोनचार इकडेतिकडे होतातच. चान्स म्हणून सोडून दिलं." त्यानं चष्मा काढून डोळे चोळले. "मीच सोडलं."

"पाणी काही घर बदलत नाही," ताई म्हणाल्या, "आणि धम्मदीना कृष्णपुऱ्याला कधी कामाला नव्हती. कृष्णपुऱ्याहून उठून राऊला गेलं असं काहीतरी आहे, यशोधन. किंवा कोणीतरी."

नाव दोघांच्याही ओठांवर एकदमच आलं. शाम. राऊच्या नाक्यावरच्या औषधदुकानाचा मालक, चिठ्ठी न बघता गोळ्या काढून देणारा, आणि मूळचा कृष्णपुऱ्याचा.

शाम गल्ल्यामागे स्टुलावर बसला होता. ताईंचा चेहरा बघूनच म्हणाला, "चोर पकडायला आलात वाटतं. बैठो तो सही."

"पोटुशी बायकांना काय काय देता, शामभिया?"

"सल्ला देतो, की डॉक्टरकडे जा. ऐकतं कोण."

"कृष्णपुऱ्याचं दुकान बंद करून इकडे का आलात?"

"बंद किसने किया?" शाम उठून उभा राहिला. "मोठा भाऊ बसतो ना तिथे. जाऊन बघा. तोच माल, तेच गिऱ्हाईक, तीच त्याची किटकिट. त्या किटकिटीला कंटाळूनच तर मी इकडे आलो."

ताईंनी मनात हिशेब मांडला. शामच्या मालात खोट असती तर कृष्णपुऱ्याचे ठिपके ओसरले नसते, कारण माल तिथे आजही खपत होता. जे काही होतं ते कृष्णपुऱ्याहून पूर्ण उठलं होतं, मागे काही न ठेवता.

"आणि ताई," शाम म्हणाला, आवाजात आता टोमणा होता, "राऊला काय मी एकटाच आलो? आपके बुवाजी भी तो आए. पेटी, तबला, सतरंज्या, पूर्ण मंडळ. टेम्पो मीच ठरवून दिला होता."

५

श्रोतेहो, इथे मला जरा थांबू द्या. ज्या ठिकाणी आपण मन हलकं करायला जातो, तिकडेच बोट वळलं की काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

शैलजाताई इंदुरातल्याच लालबाग राजवाड्याजवळ राहायच्या. चिंतामणबुवांचं कीर्तन कृष्णपुऱ्याला व्हायचं तेव्हापासून त्यांनी गुरुवार चुकवला नव्हता. जागा अपुरी पडली, मंडळ राऊला गेलं, तशा त्याही बस बदलून राऊला जाऊ लागल्या. बुवांचा आवाज असा की पूर्वरंगातच डोळे भरावेत. त्या गुरुवारी बुवा उभे राहिले, झांज वाजली, आणि ताईंना एक अक्षर ऐकू येईना. त्या माणसं बघत होत्या. खांब बघत होत्या. प्रसादाचं पातेलं बघत होत्या. खिरापत तर सगळेच खातात, मीही खाते, त्यात काय असणार?

कीर्तन संपलं. आरती झाली. मग नेहमीसारखी बुवांची पत्नी बेबीताई लेकीसुनांच्या ओट्या भरायला बसली. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी. ताईंनी हे शेकडो वेळा पाहिलं होतं. आज पहिल्यांदाच जवळ सरकून बसल्या.

एक कोवळी सून पुढे आली, पदर पसरला. बेबीताईनं तिच्या कानाशी वाकून विचारलं, "दिवस गेलेत ना? घरात काय आहे?"

"मुलगा."

ओंजळभर तांदूळ पदरात पडले. दुसरी आली.

"घरात काय आहे?"

"मुलगी."

बेबीताईचा हात कमरेच्या बटव्यात गेला आणि तांदळाबरोबर कागदाची बारीक पुडी पदरात उतरली.

शैलजाताईंच्या डोळ्यांपुढून दारं उघडत गेली. ऋजुताचं दार, अस्मिताचं दार, बाकीची तिन्ही. उघडणाऱ्या साऱ्या मुलीच. एकाही घरात मुलगा नव्हता, आणि एकही बाळंतपण पहिलं नव्हतं.

माणसं पांगली, सतरंज्या गुंडाळल्या जाऊ लागल्या. ताई बेबीताईसमोर बसल्या.

"बटव्यात काय आहे?"

"प्रसाद."

"कशाचा?"

"मुलाचा." बेबीताई लपवतही नव्हती. "ओंकारेश्वरच्या वाटेवर एक वैद्य होते, आता त्यांचा मुलगा देतो. सासवा हात जोडून येतात, शैलजाताई. नाही कशी म्हणू?"

"पथ्य काय असतं?"

"गोऱ्हा असलेल्या गाईच्या दुधातून घ्यायची. आणि तोवर दुसरं कुठलं औषध पोटात जाऊ द्यायचं नाही, नाहीतर गुण जातो."

ताईंना त्या भरलेल्या पट्ट्या आठवल्या, बाहुलीच्या उशाशी मांडलेल्या. ओटीत मिळालं ते औषध नव्हेच, म्हणून औषध घेतलं का विचारल्यावर बायका सरळ नाही म्हणाल्या, त्यांच्या लेखी खरंच बोलल्या. आणि पथ्य म्हणून गोळ्या सोडल्या, ते मात्र कुणीच सांगेना. धम्मदीनावर आळ होता तो बायकांनी न गिळलेल्या गोळ्यांचा.

"बेबीताई, याने मुलगा होत नाही."

"होतो. पेढे घेऊन येतात बायका, तुम्हीही खाल्लेत."

"मुलगी झाली त्या येतात का? ज्यांची बाळं अशी झाली, त्या कधी आल्या?"

बेबीताईचा हात बटव्यावर थबकला. "कुठली बाळं?"

तिला ठाऊकच नव्हतं. असं बाळ झालेलं घर कीर्तनाला येणं सोडतं. तिच्या मोजणीत फक्त पेढेवाल्या होत्या. उरलेल्या सगळ्या ताईंच्या भिंतीवर होत्या.

"मला चार मुली," बेबीताई म्हणाली. "माझ्या सासूनं मरेपर्यंत मला कुणाची ओटी भरू दिली नाही. मुलगा नसलेल्या बाईचा हात नको म्हणायची. दुसरीवर ती वेळ नको, एवढंच माझ्या मनात होतं हो."

ताईंना राग आणता येईना, आणि दयाही करवेना. "सोमवारी येऊन सांगाल?"

"मी सांगितलं तरी कोण मानेल? एक बाई 'घेतली' म्हणणार नाही. सासवा उभ्या राहतील समोर." तिनं एक पुडी काढून ताईंच्या हातावर ठेवली. "ही न्या, तपासा. पण बायका बोलल्याशिवाय माझं तोंड उघडवू नका. बुवांना यातलं काही माहीत नाही."

६

पुडी तपासणीला गेली. उत्तर यायला वेळ लागणार होता, सोमवार थांबणार नव्हता. राहिली ऋजुता.

बाळाच्या पायांच्या व्यायामासाठी ती इस्पितळात यायची. ताईंनी तिला तिथेच गाठलं. सासू बरोबर नव्हती.

"पुडी घेतलीस ना?"

ऋजुतानं नाही म्हटलं नाही. बाळाचं दुपटं नीट केलं, परत केलं, परत केलं.

"मी बोलले तर काय होईल सांगू, ताई? सगळे म्हणतील आईनंच केलं. ही मोठी होईल. शाळेत कुणीतरी हिला सांगेल, तुझ्या आईला तू नको होतीस, म्हणून तुझे पाय असे."

"तुला नको होती?"

"मला कुणी विचारलंच कुठे."

ताई तिच्याशेजारी बाकावर बसल्या. "एक गोष्ट ऐक. इतकी वर्षं हेच काम करते. पुष्कळ बाळं एकत्र बघितली की माग लागतो, कशानं वाढलं ते कळतं. पण एका बाळाकडे बोट दाखवून, हे यामुळेच झालं, असं मी कधी छातीठोक सांगू शकलेले नाही. गोळ्या नीट घेऊन, काहीच न खाता, असं झालेली बाळंही माझ्या भिंतीवर आहेत. तुझ्या बाळाचं मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

ऋजुता रडली नाही. "मग दीदीचं काय?"

"ते तू डोक्यावर घेऊ नकोस. मी बोलेन."

बोलेन म्हणाल्या खऱ्या, पण तो शनिवार-रविवार ताईंनी पोथी उघडून मिटण्यात घालवला. एका ओळीवर मन ठरेना.

७

सोमवारी आरोग्यकेंद्रात समिती बसली. टेबलामागे तीन अधिकारी, समोर वस्तीतल्या बायका, बाजूला एकटी धम्मदीना. यशोधन आणि पंचशील मागे उभे. बेबीताई डोक्यावर पदर घेऊन दाराशी.

शैलजाताईंनी सगळं उलगडून मांडलं. पलीकडच्या गल्लीत तीच गोळी, तेच पाणी, फक्त तिथलं कुणी कीर्तनाला जात नाही, आणि बाळं धडधाकट. कृष्णपुऱ्याहून सरकत आलेले ठिपके, तर धम्मदीना तिथे कधीच नव्हती. एकही बाळंतपण पहिलटकरणीचं नाही, एकाही घरात आधी मुलगा नाही. गोळी काही घरात मुलगा आहे का मुलगी बघून वागत नाही. घर बघून दिली जाते ती पुडी, आणि तिच्या पथ्यासाठी गोळ्या सोडल्या जातात.

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. "तर्क चांगला आहे, मॅडम. पण इथे सगळ्यांनी गोळ्या घेतल्याचं सांगितलंय. नाही घेतल्या, असं म्हणणारी एक तरी आहे?"

"घेतल्या म्हणजे घेतल्या," सुलोचनाबाई म्हणाल्या. "पेला मी देत होते."

अस्मिता खिडकीबाहेर बघत होती. अध्यक्षांनी कागद पुढे ओढला. धम्मदीनानं डोळे मिटले.

"पाणी तुम्ही देत होता, आई," आवाज मागून आला. ऋजुता बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. "गोळ्यांची पट्टी तुम्हीच काढून ठेवत होता. मी एकही घेतली नाही. पुडी घेतली. दीदी विचारायच्या तेव्हा मी हो म्हणायचे."

"घरी चल," सुलोचनाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"येते. बोलून येते." तिचं बोलणं सरळ चाललं होतं. "मी घाबरून खोटं बोलले, आणि त्यापायी दीदी इथे बसल्यात. माझी मुलगी मोठी झाली की हे तिला मीच सांगेन. दुसऱ्या कुणाला सांगू देणार नाही."

धम्मदीना उठली, आपली खुर्ची उचलून ऋजुतापाशी आणून ठेवली. "बस," ती म्हणाली. "बाळाची मान धर. मी पट्टी बघायला हवी होती गं. तू हो म्हणालीस आणि मी पुढच्या दाराला गेले."

मग अस्मिता खिडकीपासून वळली. "मीही नाही घेतल्या." तिच्यामागे आणखी एक उठली. दाराशी उभी असलेली बेबीताई पुढे आली, कमरेचा बटवा सोडून तिनं अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला. पण आधी ती ऋजुतासमोर थांबली, आणि बाळाच्या पावलांना हात लावायला तिची परवानगी मागितली. ऋजुतानं बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग दुपटं बाजूला केलं.

पुडीत शिसं आणि संप्रेरकं निघाली, वैद्याच्या पोरावर खटला चालू आहे. पुढच्याच गुरुवारी बुवांनी भर कीर्तनात पत्नीला शेजारी उभं केलं आणि जे घडलं ते तिच्याच तोंडून वदवलं. धम्मदीना कामावर आहे. ती आता गोळी घेतली का, असं विचारत नाही. ओट्यावर फतकल मारून बसते, गप्पा हाणते, गोळी घशाखाली उतरली की मगच उठते. राऊचे ठिपके कमी होताहेत का, असं मी यशोधनला विचारलं. म्हणाला, दोनचार वर्षं जाऊ द्या, आकडे छोटे असताना घाईनं बोलायची चूक मी कृष्णपुऱ्याच्या वेळी एकदा केली आहे.

ऋजुताशी मात्र सासरी महिनोन् महिने कुणी धड बोललं नाही. गल्लीतल्या बायकांनी नको ते शब्द वापरले. ती मुलीला कडेवर घेऊन व्यायामाला जात राहिली. आज राऊत कुणा सुनेच्या पोटात बाळाचा कणा नीट जुळतो आहे, तो तिच्या त्या चार वाक्यांच्या आधारानं, आणि त्या सुनेला तिचं नावही ठाऊक नाही. तेव्हा माउल्यांनो, उठण्याआधी माझं एवढं एक मागणं. संध्याकाळी देवापुढे हात जोडाल तेव्हा ऋजुताचं नाव घ्या.